वजा बारा व्होल्ट

नगरच्या चितळे रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शेवटचा एकच उरला होता, आणि मागणारे दोघं नेमके एकाच वेळी काउंटरला येऊन टेकले.

"७९१२ आहे का?"

"७९१२ द्या हो एक."

दुकानदारानं खणातून बोटाच्या पेराएवढा, तीन पायांचा काळा तुकडा काढून काचेवर ठेवला. "एवढाच आहे. माल मुंबईवरून गुरुवारी येईल. तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाला आणि रेडिओची बटणं निवडणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. भांडण लावून दिलं आणि मोकळा झाला.

यशोधरानं शेजारी बघितलं. उंच, सावळा मुलगा. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर अडकवलेला. ओठ मिटलेले होते, पण डोळे हसतच होते. असल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं सरळ हात पुढे केला आणि तो तुकडा मुठीत घेतला.

"मी आधी मागितला."

"एकदमच मागितला आपण."

"मग बायकांना आधी."

"ते एसटीत. इथं सीट राखीव नाही."

तिला हसू येत होतं, म्हणून तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "मला पॉवर सप्लाय बनवायचाय. तीन आउटपुटचा. अधिक पाच, अधिक बारा आणि वजा बारा व्होल्ट. पुणतांब्याच्या दूध डेअरीतलं फॅट मोजायचं मशीन बंद पडलंय. त्याचा सप्लाय जळालाय."

त्यानं तिच्याकडे जरा नीट बघितलं. वेणीत खोचलेली पेन्सिल, बोटांवर वॉर्निशचे डाग. "आणि तुम्ही एकट्याच बनवणार?"

"का? दोघं लागतात?"

"लागत नाहीत..." तो थांबला. "असले तर बरं."

तिनं पैसे काउंटरवर ठेवले.

"घ्या, तुमचा झाला," तो म्हणाला. "पण एक अट. जळाला तर मला सांगायचं."

"जळणार नाही."

"मी सम्राट. गाव राहाता, नोकरी इथं एमआयडीसीत. दर रविवारी सकाळी या दुकानात असतो."

"मी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच सांगितलं," तो म्हणाला, आणि यशोधरा बेलापूरला पोचेपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून त्या वाक्याला द्यायची उत्तरं जुळवत राहिली.

बेलापुरात तिच्या वडिलांचं, रखमाजींचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या. रखमाजी त्यांची काळी पडलेली तार उपसायचे, नवी गुंडाळायचे, वॉर्निश पाजायचे. यशोधरा त्या वासातच वाढली. पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा तिनं पहिल्या वर्गात काढला होता; पण आता वर्ष होत आलं तरी काम काही हाताला लागत नव्हतं. भोसरीच्या मावशीनं तिथल्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर जागा बघून ठेवली होती. पुढच्या एक तारखेला रुजू व्हायचं. नोकरी काही वाईट नव्हती. पण दुसऱ्यानं आखलेल्या सर्किटला दिवसभर डाग देत बसायचं, हे यशोधराच्या अगदी जिवावर आलं होतं.

अशात पुणतांब्याच्या डेअरीचे सेक्रेटरी गोरक्षअण्णा मोटार न्यायला दुकानात आले होते आणि बोलता बोलता म्हणाले होते, "मशिन बंद हाय. सगळ्यांचं दूध एकाच भावात घ्यावं लागतंय. ज्याची म्हस चांगली तो शिव्या देतो, आन् जो पानी घालतो तो हसतो. तू बनवशील का गं पोरी? संध्याकाळचं दूध एकडाव सुरळीत मोजून दाव. आमच्या चारी सेंटरची मशिनं तुझ्याकडं. न्हाई जमलं, तर पुन्याची पार्टी येतीच हाय."

म्हणजे जमलं तर बेलापुरात तिचं स्वतःचं काम, न जमलं तर भोसरी. यशोधरा कामाला लागली.

काम तसं समजायला सोपं. ट्रान्सफॉर्मर घरातली वीज कमी व्होल्टवर आणतो, डायोड तिला एका दिशेला लावतात, कपॅसिटर तिचे हेलकावे भरून काढतो. शेवटी रेग्युलेटर जास्तीचं सगळं उष्णता करून उधळून टाकतो आणि बाहेर देतो ते मोजून मापून. बारा म्हणजे बाराच. वजा बारासाठीचा रेग्युलेटर म्हणजे तो ७९१२. त्याला ताप फार, म्हणून पाठीला अॅल्युमिनियमची पट्टी लावतात. तिनं सगळं नीटनेटकं जोडलं, आणि घरातली भावंडं एका पाटावर जेवायला बसवावीत तसे तिन्ही रेग्युलेटर एकाच पट्टीवर स्क्रूनं आवळून टाकले.

बटण दाबलं. चट्ट आवाज झाला, डायोड फुटले, पाठोपाठ ७९१२ गेला.

"काय जाळलंस गं?" रखमाजींनी मान वर न करता विचारलं.

"वजा बारा."

"बरं हाय. आमी जळालेलं दुरुस्त करायचं, आन् तुमी नवं जाळायचं."

चूक तिला दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडल्यावर कळली. अधिकवाल्या रेग्युलेटरची धातूची पाठ ग्राउंडला जोडलेली असते. वजावाल्याची पाठ मात्र थेट इनपुटला. त्याच्याखाली वीज अडवणारी अभ्रकाची चकती घातल्याशिवाय तो दुसऱ्यांच्या पंगतीला बसवायचाच नसतो. यशोधरानं कपाळावर हात मारून घेतला आणि रविवारची वाट बघू लागली.

सम्राट दुकानाच्या पायरीवर उभाच होता. हातात कागदाची पुडी. "जळाला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यानं पुडी उघडली. आत दोन ७९१२ आणि अभ्रकाच्या पातळ चकत्या. "माझाही असाच जळाला होता. तिन्ही एका पट्टीवर. म्हणून तर त्या दिवशी घ्यायला आलो होतो."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

तो पुडी दुमडत राहिला. "सांगितलं असतं, तर तुम्ही परत आल्या नसत्या."

दुसरी कुणी असती तर लाजली असती. यशोधरा भडकली. "माझा आठवडा गेला! तिकडं भोसरीची तारीख जवळ येतीये, आणि तुम्हाला गंमत सुचतीये?" तिनं भोसरीचं, गोरक्षअण्णांचं, सगळं त्या पायरीवर उभं राहून एका दमात सांगून टाकलं. ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांतलं हसू पहिल्यांदाच मावळलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "अगदी चुकलं. मी बेलापूरला येतो, मदत करतो. चालेल...?"

पुडी तिनं हिसकावूनच घेतली. पण "बसस्टँडवरून डावीकडं, तिसरं दुकान" हेही सांगितलं, ते मात्र अगदी हळू.

त्यानं चार दिवस रजा टाकली. दारात येऊन हात जोडून "जय भीम, काका" म्हणाला आणि रखमाजींनी बसायला दिलेल्या खुर्चीवर न बसता थेट ओट्यावर यशोधराच्या समोर मांडी घालून बसला. मग काय... दिवसभर राळेचा धूर, सोल्डरची तार आणि दोघांचं पुटपुटणं. तो तार धरायचा, ती डाग द्यायची. एकदा तार गरम झाली तरी त्यानं सोडली नाही.

"भाजलं नाही?"

"भाजलं."

"मग सोडायची ना!"

"डाग हलला असता," तो म्हणाला, आणि यशोधरानं त्याचं बोट धरून गार पाण्याच्या वाटीत बुडवलं. ते बोट तिनं गरजेपेक्षा बराच वेळ पाण्यात धरून ठेवलं. आतून तिची आई चांगुणाबाई पिठलं-भाकरीचं ताट घेऊन आली, वाटीकडे बघितलं, आणि ताट ठेवून परत गेली.

ट्रान्सफॉर्मर कोणता घ्यायचा, यावर सम्राट म्हणाला, "पंधरा व्होल्टचा तयार मिळतो. बारा काढायला भरपूर झाला. सगळी पुस्तकं हेच सांगतात."

यशोधराच्या ओठांवर आलं होतं – कमी पडेल. संध्याकाळी आपल्याकडं दोनशे तीसचे एकशे साठ होतात. जळालेल्या मोटारींच्या ढिगात वाढलेल्या मुलीला हे कुणी सांगायला हवं होतं होय? पण तो इतक्या उत्साहानं बोलत होता, कपाळावर केस आलेले... त्याचा हिरमोड करणं तिला जमेना. ती नुसती "हं" म्हणाली. प्रेमात पडलेली माणसं कुठं कुठं गप्प बसतात, त्याला काही धरबंध नाही.

दुपारी दुकानात सप्लाय झकास चालला. पाच, बारा, वजा बारा, मीटरवर काटा जरासुद्धा हलेना. रखमाजीसुद्धा उठून बघून गेले.

संध्याकाळी पुणतांब्याच्या डेअरीत मशीनला जोडला. लाल आकडे उजळले. किटल्या घेतलेली रांग कौतुकानं पुढे सरकली. पहिली काही दुधं बरोबर मोजली गेली. मग दिवस कलला, गोदाकाठच्या उसावरच्या मोटारी एकामागून एक सुरू झाल्या, आणि डेअरीतला बल्ब पिवळा पडत पडत निखाऱ्याच्या रंगावर आला. आकडे थरथरले. रांगेतल्या रंगुबाईच्या म्हशीच्या दुधाला मशीननं आधी फॅट एक दाखवला, मग बावीस.

"आरं, माझ्या म्हशीनं पानी दिलं का निस्तं तूप दिलं?" रंगुबाई कडाडली. "येक काय ते सांगा!"

रांग हसली. गोरक्षअण्णा हसले नाहीत. मशीन बंद करून म्हणाले, "पोरी, परवा संध्याकाळी आनखी येकडाव बघू. त्याच्यापुढं मला थांबता यायचं न्हाई."

सप्लायचं खोकं मांडीवर घेऊन दोघं नदीच्या घाटावर बसले. वारा सुटला होता, पलीकडून पाचट जळाल्याचा वास येत होता.

"व्होल्टेज एवढं पडतं... तुला माहीत होतं?" सम्राटनं विचारलं. त्याचं 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. तिला मात्र लगेच कळलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मी तू परत यावीस म्हणून गप्प बसलो. तू मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलीस. यशोधरा, असं केलं तर आपण दोघं मिळून सगळा तालुका जाळू."

ती हसली. मग तिला रडूच आलं, आणि रडता रडता ती म्हणाली, "आता मनात येईल ते बोलायचं. मी पण, तुम्ही पण."

"मग बोलतो. भोसरीला जाऊ नकोस."

"का?"

"कारण मला..." तेवढ्यात वर रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला, शेवटची गाडी होती, आणि दोघांना धावावं लागलं. गाडीत तो उभा, ती बसलेली, मध्ये कोंबड्यांची टोपली घेतलेला एक माणूस. त्या अर्ध्या वाक्याचं पुढं काय, ते तिला विचारताच आलं नाही.

सकाळी तिनं बोलायला सुरुवात केली ती थांबलीच नाही. "ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळणार."

"वीस-बावीस व्होल्टचा गुंडाळ. म्हणजे कमी पडणार नाही."

"आणि दुपारी दोनशे साठ आले तर? पाचवाल्यानं काय करायचं? एवढं सगळं उधळता उधळता भाजून निघेल तो." तिनं वेणीतली पेन्सिल काढून फरशीवरच आकृती काढली. "सगळ्यांना एकाच ताटातलं नाही वाढायचं. दोन्ही बारांना एकोणीस-एकोणीसच्या गुंडाळ्या. पाचला त्याची वेगळी, अकराची. ज्याला जेवढी भूक, तेवढंच."

सम्राट आकृतीवर वाकला. मनातल्या मनात आकडे करत राहिला, आणि मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. "एकशे साठला पुरतंय. दोनशे साठलाही मरत नाही. पण ताप तरी होणारच. पट्टी लहान पडेल."

यशोधरा उठली आणि दुकानामागच्या भंगारातून एका छोट्या मोटारीची अॅल्युमिनियमची बॉडी ओढत घेऊन आली. गार राहावी म्हणून तिला चहूबाजूंनी पंखांसारख्या पात्या होत्या. "मोटार जळाली," ती म्हणाली, "पण हिचं काय बिघडलंय?"

"यशोधरा..." सम्राट नुसता एवढंच म्हणाला.

रखमाजींनी बॉडी करवतीनं कापून दिली. यशोधरानं तार गुंडाळली, एकेक वेढा बोटानं दाबत. सम्राट वेढे मोजत समोर बसला आणि दोनदा चुकला, कारण तो तारेकडे बघतच नव्हता. अभ्रकाची चकती मात्र ७९१२ च्या खाली त्यानंच न विसरता बसवली.

ठरलेल्या संध्याकाळी रखमाजीही डेअरीत आले. दोन दिवस गावभर चर्चा झालेली, त्यामुळे दूध नसलेली माणसंही रांगेच्या कडेला उभी होती. यशोधरानं बटण दाबलं. आकडे उजळले. सम्राट मल्टिमीटर घेऊन भिंतीशी उभा राहिला आणि येणारं व्होल्टेज हळू आवाजात सांगू लागला.

"दोनशे दहा... एकशे नव्वद..."

गोदाकाठी मोटारी सुरू झाल्या. बल्ब पिवळा झाला.

"एकशे सत्तर."

बल्ब लाल झाला. रंगुबाई किटली घेऊन पुढे आली, कमरेवर हात ठेवून. यशोधरानं नमुना लावला.

"एकशे अठ्ठावन्न," सम्राट म्हणाला.

मशीननं सात पूर्णांक दोन दाखवलं. यशोधरानं तोच नमुना पुन्हा लावला. सात पूर्णांक दोन.

"हा! ही माझी म्हस!" रंगुबाई एवढ्या जोरानं ओरडली की बाहेरचं कुत्रं भुंकलं. डेअरीत टाळ्या पडल्या. बल्बच्या तारेत धुगधुगी उरली होती, पण लाल आकडे जागचे हलत नव्हते. एकामागून एक किटली रिकामी होत गेली. यशोधरानं मोटारीच्या पात्यांवर हात ठेवून बघितला, कोमट होत्या. तिला त्या क्षणी नाचावंसं वाटत होतं, खरंच.

गोरक्षअण्णा खुर्चीवरून उठले. "चारी सेंटरची मशिनं तुझी, पोरी. शब्द दिला." मग त्यांनी सम्राटकडे बघितलं. "पर येक सांगा. मशिन बिघाडलं, तर सांगावा कुठं धाडायचा? ह्याच्याकडं राहात्याला, का तुझ्याकडं बेलापूरला?"

यशोधरानं सम्राटकडे बघितलं. घाटावरचं ते अर्धं वाक्य अजून त्याच्या तोंडातच अडकलेलं होतं. मनातलं बोलायचं ठरून दोन दिवस झाले, आणि हा नुसता मीटर घट्ट धरून उभा. आता हे काम पण आपल्यालाच करावं लागणार, हे तिच्या लक्षात आलं.

"येकाच घरी धाडा, अण्णा," ती म्हणाली. "आमी दोघं येकाच घरात ऱ्हानार हाय."

दूध ओतणाऱ्याची धारसुद्धा थांबली. यशोधराचे कान तापले, पण मान तिनं खाली घातली नाही.

सम्राट दोन पावलं पुढे आला. रखमाजींसमोर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "जय भीम, काका."

"ते मघाशी झालं," रखमाजी म्हणाले. "आता फुडचं बोला."

"काका, माझं... माझं यशोधरावर प्रेम आहे. मला तिच्याशी लग्न करायचंय. नोकरी सोडून इथंच तिच्याबरोबर काम करायचंय." मग तो वळला आणि सगळ्या रांगेदेखत तिला म्हणाला, "हेच सांगायचं होतं. एसटी आली."

रखमाजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग मोटारीच्या त्या अर्ध्या कापलेल्या बॉडीकडे बघितलं. "वेढे मोजताना दोनदा चुकलास तू," ते म्हणाले. "तवाच मी हिच्या आईला सांगितलं. आईबापाला घिऊन ये."

हसण्याचा आणि टाळ्यांचा असा काही गलका उठला, की रस्त्यावरून जाणारे डोकावून बघू लागले. रंगुबाईनं यशोधराच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "लग्नातलं दूध माझ्या म्हशीचं," तिनं जाहीर केलं. "कुनाला शंका आसंल त्यानं मोजून बघावं!"

सम्राट तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. गर्दीत कुणाला दिसणार नाही अशा बेतानं दोन करंगळ्या एकमेकींत अडकल्या.

"तुला भीती नाही वाटली?" त्यानं हळूच विचारलं.

"लई वाटली," ती म्हणाली.

रांगेतला पुढचा माणूस भरली किटली घेऊन केव्हाचा खोळंबला होता. यशोधरानं ओढणीनं डोळे पुसले.

"तुम्ही नमुना लावा," ती सम्राटला म्हणाली, "मी आकडा वाचते." आणि मशीनसमोर उभी राहून, सगळ्या डेअरीला ऐकू जाईल अशा आवाजात, ती वाचू लागली.